बॅकअप काढून ठेवा

चष्मेवालीला राग यायला कारण लागत नसे, पण त्या रविवारी सकाळी कारण होतं आणि चांगलं भरभक्कम होतं. घरातला कॉम्प्युटर पासवर्ड मागत होता, दिलेला पासवर्ड मुकाट मान्य करत होता, क्षणभर काळा पडत होता आणि परत तोंड वर करून पासवर्डच मागत होता. एकदा नाही, दोनदा नाही, चांगलं नऊ वेळा.

"अरे, दिला ना तुला!" ती पडद्यावर खेकसली. "किती वेळा देऊ? पाठ झाला असेल एव्हाना!"

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. फ्रेमच्या मापाची काच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. चाक जरा जास्त फिरलं की काच वाया. आठवड्याचे सहा दिवस सगळा धीर तिथे खर्च व्हायचा, घरी आणायला काही उरायचं नाही. पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या दुकानदाराने हाच कॉम्प्युटर बघून सांगितलं होतं, "बाई, याचं वय झालं, टाकून द्या." टाकून काय द्या? चालतोय ना? तिने कुठून कुठून वाचून, विचारून त्याच्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम घातली आणि म्हातारा टुणटुणीत पळायला लागला. त्या दिवसापासून तिला त्याच्यात खटपट करायची खाज लागली ती लागलीच. सगळं सुरळीत चाललंय म्हटलं की हिचे हात शिवशिवायचे. नवरा लांब पुलांच्या कामावर असायचा, तो म्हणायचा, "आमच्या घरी कॉम्प्युटर एकच आहे, पण महिन्यातून चारदा नवा असतो."

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. आज जाणार नव्हतं, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये सासऱ्यांचं पुस्तक होतं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. पायाची, हाताची, कारखान्यातली, आता जी कुणी बनवतही नाही तीसुद्धा. मग हात थरथरायला लागले. सुईच्या बाजूचा बारीक स्क्रू बसवताना तीनदा खाली पडला, त्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि परत उघडलं नाही. पण डोक्यातलं कुठे जाणार? दोन वर्षं झाली, ते रोज सकाळी बसून एका बोटाने टाइप करत होते. कुठल्या मशीनला काय दुखणं होतं, आवाजावरून ते कसं ओळखायचं, कुठे तेल घालायचं आणि कुठे चुकूनही घालायचं नाही. तीनशे दहा पानं झाली होती. गावातल्या शिवणशाळेच्या बाई ती मुलींना शिकवायला घेणार होत्या. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

"बाबा, काल तुम्ही काय दाबलंत?" चष्मेवालीने विचारलं.

"मी काही दाबलं नाही. अगं, काल ते..."

"काहीतरी दाबलंच असणार. आपोआप असं होत नाही."

"तेच सांगतोय, मी लिहीत होतो तेव्हा पडद्यावर..."

"बाबा, एक मिनिट. मला जरा विचार करू द्या."

नेमका नवऱ्याचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बंद करून परत चालू केलास का?"

"नाही," ती म्हणाली, "सकाळपासून त्याला अंगाई म्हणत बसले होते." आणि फोन ठेवून दिला.

मग तिने ती काळी, पांढऱ्या अक्षरांची खिडकी उघडली, जिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता हुकूम टाइप करायचा. तिथे पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला. तिने डिस्क किती भरली आहे ते विचारलं. उत्तर आलं, शंभर टक्के. बसायलाही जागा नाही म्हटल्यावर बिचारा कॉम्प्युटर उघडणार कसा? रोग तर कळला. पण खाल्लं कुणी?

तिने एकेक फोल्डर मोजायला घेतला. फोटो एवढे, गाणी एवढी, बाबांचं पुस्तक आणि त्यातले मशीनच्या भागांचे फोटो एवढे. सगळ्याची बेरीज केली तर जेमतेम अर्धी डिस्क. आणि भरलेली मात्र पूर्ण. परत मोजलं. परत अर्धी. तिने अपडेटला शिव्या घातल्या, मग अपडेट बनवणाऱ्यांना घातल्या, मग जगाच्या पाठीवर जो कोणी हे फुकट वाटतो त्याला घातल्या. कॉम्प्युटर आपसूक लिहून ठेवतो त्या जुन्या नोंदी पुसल्या, चिमूटभर जागा झाली, ती त्याने लगेच गिळली. बॅकअपचा फोल्डर तिने मोजलाच नाही. मोजायचा कशाला? तो बाहेरच्या डिस्कवर जातो. त्या डिस्कची काळी डबी समोरच टेबलावर वायरीने जोडलेली दिसत होती आणि तिच्यावर तिच्याच हातची चिठ्ठी होती, "बॅकअप".

दुपार होत आली. डोकं भणभणायला लागलं तशी ती पाणी प्यायला उठली. परत आली तर सासरे टेबलाशी वाकून त्या डबीची वायर काढत होते. थरथरत्या हातांनी त्यांनी ती नीट गुंडाळली, रबर लावलं आणि डबी घेऊन कपाटाकडे निघाले.

"बाबा! हे काय करताय?"

"बॅकअप काढतोय," सासरे म्हणाले. "तू उठलीस ना? मला वाटलं काम संपलं."

"पण कपाटात कुठे नेताय?"

"मग? काढून ठेवायचा ना?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तूच तर लिहिलंयस."

भिंतीवर तिने सासऱ्यांसाठी कागद चिकटवला होता. त्यावर मोठ्या अक्षरात चौथी सूचना होती: काम झालं की बॅकअप काढून ठेवावा.

आता आपली मराठी अशी, की फोटो काढला की फोटो हातात येतो आणि दात काढला की दात जातो. हिला म्हणायचं होतं पहिलं, त्यांनी ऐकलं दुसरं. आणि का ऐकू नये? डबीवर चिठ्ठी आहे "बॅकअप". काम झालं की काढून ठेव म्हणतात, तर काढून ठेवली. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस, अवजार आधी जागेवर ठेवणार आणि मगच दिवा बंद करणार.

"रोज असंच करता?" तिने विचारलं. आवाज आधीच चढला होता.

"रोज. आधी हा काढतो, कपाटात ठेवतो, मग येऊन ते 'काम संपलं' बटण दाबतो. सकाळी परत जोडतो. एक दिवस चुकलो नाही."

तिने कपाळाला हात लावला. ते 'काम संपलं' बटण तिनेच बनवलं होतं. ते दाबलं की पुस्तकाची, फोटोंसकट, एक नवी प्रत बॅकअपच्या फोल्डरमध्ये जायची आणि मग कॉम्प्युटर बंद व्हायचा. डबी जोडलेली असली की प्रत डबीत. डबी नसली की प्रत त्याच नावाच्या फोल्डरात, घरच्याच डिस्कवर. आणि सकाळी डबी परत जोडली की त्या फोल्डरात डबीतलंच दिसायचं आणि खालचा ढीग झाकला जायचा, सतरंजी अंथरल्यावर खालची फरशी दिसत नाही तसा. म्हणून तर अर्धी डिस्क सापडत नव्हती! आधी ती अर्धा दिवस दुकानात जायची, तेव्हा हे काम तीच करायची. आठ महिन्यांपूर्वी पूर्ण दिवस जायला लागली आणि सासऱ्यांवर सोपवलं. म्हणजे आठ महिने डबीत नवं काहीही गेलेलं नव्हतं.

"आठ महिने!" ती ओरडली. "आठ महिने तुम्ही तो काढताय! बाबा, बॅकअप काढणं म्हणजे उपटून काढणं नव्हे हो! चाळीस वर्षं मशीनं दुरुस्त केलीत आणि एवढं साधं कळू नये?"

सासऱ्यांनी डबी टेबलावर ठेवली. बाहेरच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसले. तिलाही कळलं की आपण जरा जास्तच बोललो, पण राग ऐन भरात होता आणि कॉम्प्युटर समोर होता. डबी निघाल्यामुळे आता तो फोल्डर उघडा पडला होता. त्यात तारखांनी लावलेल्या प्रती होत्या, एकीखाली एक, दोनशेच्या वर. "हाच तो भस्म्या," ती म्हणाली आणि सगळं पुसायचा हुकूम टाइप केला. त्या काळ्या खिडकीत 'नक्की ना?' असं कुणी विचारत नाही, आणि पुसलेलं कचऱ्याच्या डब्यातही जात नाही. ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

कॉम्प्युटर परत चालू केला. पासवर्ड दिला. उघडला! तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, या! झालं चालू!"

सासरे आले, खुर्ची ओढून बसले आणि पुस्तक उघडलं. पान कोरं होतं. खाली सरकवलं तर खाली काही नव्हतंच. ती पुढे झाली. फाइलचं नाव होतं, आत मात्र शून्य.

"काल मी हेच सांगत होतो," सासरे हळू म्हणाले. "लिहून झाल्यावर सेव्ह केलं, तर ते म्हणालं जागा नाही. मी तुला दुकानात फोन केला. तू म्हणालीस, बरं बाबा, बंद करा. मग मी बंद केला."

तिला फोन आठवला. चाकावर काच होती आणि फोन खांदा आणि कानाच्या मध्ये होता. ते काय म्हणाले ते तिने ऐकलंच नव्हतं. जागा नसताना सेव्ह केलं की जुनं पुसलं जातं आणि नवं लिहिलं जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

आणि मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. परवापर्यंतची तीनशे दहा पानं त्या ढिगात होती. दोनशेच्या वर प्रती, एकेका दिवसाची. त्या तिने आत्ताच पुसल्या होत्या.

ती चार तास त्या खुर्चीतून उठली नाही. पुसलेलं परत आणणारे दोन प्रोग्राम चालवले. हाती लागले मशीनचे सदतीस फोटो आणि तेल घालण्याबद्दलचं अर्धं वाक्य. डबी जोडून बघितली. आठ महिन्यांपूर्वीची प्रत होती त्यात, एकशे चौदा पानांची. मधल्या एकशे शहाण्णव पानांचा मागमूस नव्हता.

मागून सासरे म्हणाले, "राहू दे ग. माझ्याच हाताने गेलं. मी ती डबी काढायला नको होती."

तिने नुसतं "हं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. या घरात दुसऱ्या कुणाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्यालाही पटलं असतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्ही डबी काढत होतात म्हणूनच पुस्तक घरच्या डिस्कवर राहिलं होतं. दोनशे वेळा राहिलं होतं. दुपारी तुमच्यावर ओरडले आणि न बघता ते सगळं मीच पुसलं."

सासऱ्यांना हे नीट समजायला वेळ लागला. त्यांनी परत विचारून घेतलं. "म्हणजे माझी चूक होती, पण पुस्तक होतं?"

"होतं."

"आणि तू दुरुस्त केलंस, तेव्हा गेलं?"

"हो."

मग मात्र ते चिडले. "एका बोटाने लिहिलं होतं मी ते! एका बोटाने! आणि दुपारी मला काय काय बोललीस!"

"चुकलं माझं, बाबा." तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

सासरे उठून बाहेर गेले. बराच वेळ त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज येत राहिला. ती कोऱ्या पानासमोर तशीच बसून होती. आले तेव्हा त्यांनी दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी ठेवली.

"मी परत एका बोटाने लिहिणार नाही," ते म्हणाले. "तू दहाही बोटं चालवतेस. मी सांगतो, तू लिही. रोज दुकानातून आलीस की तासभर. आणि पहिल्यापासून. आहेत ती पानंही नीट करून घेऊ."

तिने मान हलवली. पाच वर्षं तिने हा कॉम्प्युटर सांभाळला, सासऱ्यांची फाइल शंभरदा इकडून तिकडे हलवली, पण त्यातलं एक पान वाचलं नव्हतं. हे तिला आत्ता कीबोर्डवर हात ठेवताना जाणवलं आणि लाज वाटली.

"प्रकरण पहिलं," सासऱ्यांनी घसा साफ केला. "मशीन उघडण्याआधी ते वापरणाऱ्याला विचारावं, काय झालं होतं. आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नये."

तिने अर्धं टाइप केलं आणि थांबली. "हे आधी होतं पुस्तकात?"

"नव्हतं," सासरे म्हणाले. "आज घातलं. लिही पुढे."