तीन आगगाड्या आणि अप्पांची फुली

आमच्या अप्पांनी मला नापास केलं ते त्यांच्या निधनानंतर अकरा महिन्यांनी.

जिवंत असताना त्यांनी मला नापास केलं नव्हतं असं नाही. पण तेव्हा निदान समोरासमोर करत असत.

अप्पा, म्हणजे माझे वडील, हुबळीच्या रेल्वे यार्डात गाड्या तपासायला होते. गाडी येऊन थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन वाकायचं, एकेक चाक ठोकायचं आणि ऐकायचं. ‘टण्ण’ वाजलं की चाक धड. ‘ठप्प’ वाजलं की कुठंतरी तडा. मग खिशातला खडू काढून डब्यावर फुली! त्यांच्या फुलीच्या डाव्या पायाला एक छोटी वळलेली शेपटी असे. यार्डात दहा जणांच्या फुल्या असल्या तरी शेपटीची फुली दिसली की त्या डब्याला कुणी हात लावत नसे.

निवृत्तीनंतर धारवाडला माळमड्डीत घर बांधलं, पण ठोकायची सवय गेली नाही. माठ, नारळ, कलिंगड, सगळं ठोकून घ्यायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तिथं त्यांनी पाण्याचा तांब्या बोटानं वाजवला, कान दिला आणि म्हणाले, “घर चांगलं आहे.” (शैलाशी माझं लग्न हे असं तांब्याच्या शिफारशीवर झालेलं आहे.) माझ्याबद्दल मात्र त्यांचं मत ठाम होतं. “श्रीधर, तुला वस्तू दिसते. पारख नाही तुला.” बावीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवतोय! वर्षाला शेकडो पोरांची परीक्षा घेतो, आणि मला पारख नाही!

जाण्यापूर्वी अप्पांनी माझ्या मुलीला, मुक्ताला, एक शब्द दिला होता. “नववा वाढदिवस येऊ दे. तुला खेळातली आगगाडी घेऊ. पण मी ठोकून घेणार हं.” नववा वाढदिवस दहा दिवसांवर आला आणि अप्पा नव्हते. मुक्तानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “बाबा, तुम्हाला जमेल?”

हे मला फार लागलं. अप्पांचा शब्द माझ्या हातून पुरा व्हायला हवा होता, आणि त्यांनी मान डोलावली असती अशा गाडीनंच व्हायला हवा होता.

पहिलीच गाडी, म्हणून फार भारीतली नको. स्वस्तातलीच, पण त्यातली उत्तम. मी हुबळीला जाऊन तीन सेट आणले. नापसंत ठरतील ते दोन सेट आठवड्याच्या आत परत करायचे असं दुकानदारांशी बोलून ठेवलं. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातला पहिला सेट म्हणजे राजा होता! काळंभोर इंजिन, दिवा, शिट्टी, शिवाय धुराड्यात पाणी घातलं की धूर. दुसरा हिरवा, सहा डब्यांचा, दिवा-शिट्टी-धूर त्यालाही, वर पूल. तिसरा दुर्गदबैलच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं फडताळाच्या तळातून काढला. तपकिरी, कपड्याच्या साबणाच्या वडीसारखं इंजिन, तीन डबे, ना दिवा ना शिट्टी. “तगोळ्री सर, छलो ऐति,” म्हणाला. घ्या, चांगली आहे म्हणे! मी ती घेतली ती केवळ शेजारी ठेवल्यावर पहिली आणखी चांगली दिसेल म्हणून.

वरच्या मजल्यावर अप्पांची खोली तशीच आहे. खुंटीवर त्यांचा हातोडा, कोनाड्यात खडूची डबी. तिथं जमिनीवर तिन्ही गाड्यांचे रूळ मांडले आणि मी शास्त्रशुद्ध तक्ता केला. देखणेपणा, डबे, दिवा व शिट्टी, धूर, खोक्यावरचं चित्र, प्रत्येकी वीस गुण. (गाडी धावते कशी याचा रकाना राहून गेला, हे कबूल करतो.) पहिलीला एक्क्याण्णव, दुसरीला चौऱ्याऐंशी. तिसरीला एकोणीस, तेही हजर राहिल्याबद्दल.

रात्री जेवताना मी तो तक्ता सगळ्यांना वाचून दाखवला. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, “वाजतात कशा रे?”

“पहिलीला शिट्टी आहे की, आई!”

“बरं,” ती म्हणाली आणि ताकाचं भांडं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेतून येऊन मी वर गेलो. पहिल्या इंजिनाच्या कुशीवर खडूची फुली होती. दुसऱ्यावर फुली. तिसऱ्यावर बरोबरची खूण. आणि भिंतीवर चिकटवलेल्या माझ्या तक्त्यावर, एक्क्याण्णवच्या बरोबर मधोमध, फुली!

तिन्ही फुल्यांच्या डाव्या पायाला शेपटी होती.

मी खाली आलो. (किती पायऱ्या गाळून आलो ते आठवत नाही.) शैला नुकतीच ऑफिसातून आली होती. “अहो, मला डोकं खाजवायला वेळ नाही, मी गाड्यांवर फुल्या मारत बसू?” मुक्ता दिवसभर शाळेत. राहिली आई. तिचे गुडघे गेल्याला दोन वर्षं झाली. आई जिना चढत नाही, हे आमच्या घरात पाढ्याइतकं पक्कं आहे. तरी विचारलं.

“मी जिना चढते का रे?” आई म्हणाली.

“नाही.”

“मग?”

मी फुल्या पुसून टाकल्या. सगळ्या इंजिनांच्या पुढच्या चाकाशी जमिनीवर पेन्सिलीनं रेघ मारली, बटणं बंद केली, दाराला बाहेरून कडी घातली. मंगळवारी कडी जागच्या जागी होती. फुल्या पुन्हा उमटल्या होत्या, आणि या वेळी जरा मोठ्या, ज्याला एकदा सांगून कळत नाही त्याच्यासाठी काढाव्यात तशा! तिन्ही इंजिनं रेघ सोडून हातभर पुढं गेली होती. बुधवारी देवघरातली तांब्याची पळी नाहीशी झाली. ती मला वर सापडली, तिसऱ्या गाडीच्या रुळाशेजारी. मी ती दोन बोटांत धरून खाली आणली आणि चार वेळा धुतली.

गुरुवारी शाळेत लक्ष लागेना. डोकं दुखतंय सांगून तीनच्या सुमारास घरी आलो. आभाळ भरलेलं, गल्ली सुनसान, वाऱ्याचं नाव नाही. आईच्या खोलीची खिडकी बंद दिसत होती. दोन ते चार तिची झोप. मी फाटकाची कडी काढत होतो, तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. लांब, ओढलेली. ती विरली आणि आमच्या माडीवरून बारीकशी शिट्टी आली. उत्तर दिल्यासारखी.

मग शांतता. मग, अगदी सावकाश, ठप्प... ठप्प... ठप्प...

टण्ण.

हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. दोन ठोक्यांच्या मधलं ते थांबणंसुद्धा ओळखतो. त्या वेळात अप्पा ऐकत असत. मुलगा म्हणून धावत वर जायला हवं होतं. मी धावलो, पण गल्लीच्या टोकाला, बसण्णांच्या घरी!

बसण्णा अप्पांच्या हाताखाली यार्डात होते. अप्पांना ते आदरानं ‘रायरु’ म्हणत. झोपेतून उठवून, शर्टाची बटणं लावून त्यांना आणेपर्यंत अर्धा तास गेला. आम्ही दोघं जिना चढलो. पुढं कुणी जायचं यावर दोनदा थांबलो. मी कडी काढली.

खोलीत कुणी नव्हतं. तिसरी गाडी एकटीच फिरत होती. दिवा नाही, शिट्टी नाही. नुसती रुळांची कुजबुज. खिडकी बंद असताना खुंटीवरचा हातोडा जरासा हलत होता. (गाडीनं जमीन थरथरत होती, हे गणित मला पुढं दोन दिवसांनी सुटलं.)

बसण्णांनी दाराबाहेर चपला काढल्या. वाकून फुली पाहिली. शेपटीपाशी बोट नेलं, टेकवलं नाही.

“इदु अवरदे कै,” ते पुटपुटले. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाले, “त्यांचाच हात आहे हा, मास्तर. रायरु अजून ड्यूटीवर आहेत.” आणि त्या साबणाच्या वडीला त्यांनी कडक सलाम ठोकला! “ही गाडी पास. त्या दोन परत पाठवा. रायरुंनी नापास केलेला डबा जोडायचा नाही.”

शहाण्या माणसानं इथं ऐकलं असतं. पण माझ्यातला मास्तर उठून बसला. एक्क्याण्णव गुण! बापाचा आत्मा असला म्हणून काय झालं, पेपर कसा तपासला ते कळायला नको? खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. अकरा महिन्यांत अप्पा माझ्या स्वप्नातसुद्धा आले नव्हते. भीती वाटत होती, तरी ते दिसले तर मला हवे होते.

शनिवारी शाळा सकाळची. मीटिंग आहे असं घरी सांगितलं आणि दुपारी मागच्या दारानं येऊन वर गेलो. शैला मुक्ताला घेऊन बाजारात गेली होती. खिडकीतून हात घालून दाराची बाहेरची कडी लावता येते. ती लावली आणि अप्पांच्या कॉटखाली शिरलो. (माझं वजन लक्षात घेता शिरलो म्हणण्यापेक्षा बसवला गेलो म्हणणं बरोबर.) तोंडाशी धूळ, नाकाशी जुनी ट्रंक.

तीन वाजून गेले. जिन्यावर आवाज आला.

धप्प. मग सर्रर्र. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा धप्प. सर्रर्र.

पावलं नव्हती ती! पावलांचा आवाज मला कळतो. काहीतरी जड, पायरीपायरीनं स्वतःला वर ओढत होतं. कडी वाजली. दार उघडलं आणि जे आत आलं ते पाठमोरं होतं, बसकं होतं, जमिनीवरून सरकत होतं, आणि त्याचे पांढरे केस मोकळे सुटलेले होते.

मला रामरक्षेची पहिली ओळ आठवेना. पाढे आठवत होते. मी मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायला लागलो.

डोक्यापासून हातभर अंतरावर ठोके पडायला लागले. ठप्प. ठप्प. ठप्प. टण्ण. मी खोल श्वास घेतला, तशी धूळ घशात गेली आणि मला खोकला आला. आमच्या घराण्याचा खोकला, दोन कोरडे आणि एक लांबलेला. अप्पांचा अगदी असाच होता.

ठोके थांबले. खोली गच्च शांत झाली. आणि मग एक आवाज आला, अगदी हळू.

“आलात?”

तो आईचा आवाज होता.

“किती उशीर केलात हो,” ती म्हणाली.

मी मान बाहेर काढली. आई जमिनीवर बसली होती. हातात देवघरातली पळी, मांडीवर खडूची डबी, नुकते न्हायलेले केस पाठीवर सोडलेले. तिनं मला बघितलं. आईच्या चेहऱ्यावर मला बघून इतकी निराशा मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती!

“मेल्या, तू होय!” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मला कॉटखालून बाहेर ओढायला तिला बरेच श्रम पडले. मग आम्ही दोघं जमिनीवरच बसलो.

“आई, तू जिना चढतेस?”

“चढत नाही की. बसून, पाठमोरी सरकत येते. उतरते तशीच. रोज दुपारी. त्यांच्या खोलीत जरा बसते.” ती गाडीकडं बघत बोलत होती. “तू या मांडल्यास आणि मला राहवेना रे. पहिल्या दोन नुसत्या प्लॅस्टिकच्या चाकांच्या. भद्द वाजतात. वळणावर उडतात, मी चालवून बघितल्या. हिची चाकं लोखंडी आहेत, ऐक.” तिनं पळीनं ठोकलं. टण्ण. “गुरुवारी हिचं बटण बंद करायचं राहिलं. स्टेशनात गाडी आली की मीही शिट्टी वाजवून बघायची. त्यांना आवडलं असतं.”

“आणि अप्पांची फुली? ती शेपटी?”

“अप्पांची? ती माझी फुली!” आई म्हणाली. “नवं लग्न झालेलं. यार्डात सगळ्यांच्या फुल्या सारख्या, गोंधळ व्हायचा. मी म्हटलं, डाव्या पायाला रांगोळीची शेपटी काढा, तुमची ओळखू येईल. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा माठ आणि कलिंगडं कोण ऐकत होतं? ते ठोकायचे. मी पाठीमागनं त्यांचा सदरा ओढायची, चांगलं असलं की एकदा.”

“मग मला सांगायचं नाही का आधी?”

“तू तक्ता केला होतास की. शंभरपैकी,” आई म्हणाली. “आणि मला विचारलंस कधी?”

दुसऱ्याच दिवशी पहिल्या दोन गाड्या मी परत करून आलो.

वाढदिवसाला तपकिरी गाडीनं मुक्ताभोवती संध्याकाळभर फेऱ्या मारल्या, एकदाही रूळ न सोडता. मुक्तानं चाकाला टिचकी मारून कान लावला आणि म्हणाली, “ही अप्पाआजोबांनीच निवडलीय ना?” मी म्हटलं, “आजोबांनी जिला विचारून सगळं निवडलं, तिनं.” आई स्वयंपाकघरात होती, तिचं भांडं वाजायचं थांबलं. बसण्णांना मात्र खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. ते दर गुरुवारी येतात, चपला काढतात आणि सलाम करून जातात.

आता वाढदिवसानंतरच्या सोमवारचं सांगून संपवतो. नववीच्या वर्गात मी फळ्याकडं वळलो की पोरं खिदळत होती. स्टाफरूममध्येही कुजबुज. घरी येऊन निळा शर्ट काढला, तर पाठीवर खडूची ही मोठी फुली! डाव्या पायाला शेपटी. (शैलानं ती सकाळी निघतानाच पाहिली होती. “तपासणीत मी कशाला पडू?” म्हणाली.) मग मला आठवलं. सकाळी तीर्थ देताना आईनं पळी माझ्या डोक्यावर हळूच वाजवली होती आणि कान देऊन ऐकलं होतं. मी आपला आशीर्वाद समजून वाकून नमस्कार केला होता!