ताकाची बादली
ओवा भाजल्याचा वास आला की मला सोनईजवळच्या आमच्या डुकरांच्या शेडमधला एक दिवस आठवतो. काही वर्षांपूर्वी आईचं दूध तुटलेल्या पिल्लांना हगवण लागली होती, आणि खाद्यात मिसळायच्या अँटिबायोटिक पावडरीचाही गुण येईना. दोन पिल्लं गेली. सासूबाईंना डुकरांचा विटाळ. शेडमधून आलं की अंघोळीशिवाय त्या आम्हाला उंबरा ओलांडू देत नसत. त्या दिवशी ओसरीवरूनच म्हणाल्या, “लेकराचं पोट बिघडल्यावर काय देतो आपन? त्येच द्या की.” मग स्वतःच आंबट ताकात भाजलेल्या ओव्याची पूड कालवून बादली शेडच्या दारात ठेवून गेल्या. बाकीची पिल्लं सावरली. ती बादली पुन्हा घरात आली नाही. सासूबाई मात्र अजून रोज शेडच्या दारात येतात, बादलीला हात न लावता तिच्यात ताक ओततात आणि घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करतात.