उभ्या भाताचं तोरण

कल्याणजवळच्या आमच्या अर्ध्या एकरातलं भात घरात खाण्यापुरतंच व्हायचं, वरखर्चाला पैसा उरत नसे. म्हणून गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कोपऱ्यातल्या लोंब्या कापल्या, बांधावरच्या झेंडूबरोबर तोरणात ओवल्या आणि डोंबिवली स्टेशनबाहेर विकायला निघाले. सासरे भडकले. "उभं पीक कापून रस्त्यावर बसणार? लाज नाही वाटत?"

"पोट भरायची कसली लाज?" मीही फटकन बोलले.

संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली. दसऱ्याला मात्र आमचंच दार बोडकं राहिलं. सासरे दाराकडे बघत राहिले.

यंदा लावणी उरकल्यावर त्यांनी स्वतःच बांधावर झेंडूची दुसरी ओळ लावली. हात धुताना म्हणाले, "पहिलं तोरण आपल्या दाराला. बाकीची विकायला मी बसतो."