मी रोज सरकवलेली फीत

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही — म्हणजे परवा दुपारपर्यंत. चोरी नाही, मारामारी नाही, एक फीत. बायबलच्या पानांत खुणेला असते ना, तशी हिरवी रेशमी फीत. हसू नका. किंवा हसा, मीही हसतो अधूनमधून.

मोताळ्यात माझं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. आमची चर्चची मंडळी लहानशी, आणि तिथे माझी ख्याती अशी, की हा माणूस वचन वाचल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही. ख्याती कुणी पसरवली? मीच. 'आज सकाळी वाचताना' असं मी एखादं वाक्य सुरू करायचो. पुढचं काम लोक करायचे.

सुरुवातीला खरंच वाचायचो. उत्पत्ती झालं, निर्गम झालं, बायबलातली पहिली दोन पुस्तकं. तिसऱ्या, लेवीयमध्ये घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांचे नियम आले आणि माझी गाडी रुतली. त्या सकाळी बायबलवर पेपर पसरून मी कापसाचे भाव वाचले. पण फीत? ती तिथेच राहिली तर मार्थाला, माझ्या बायकोला, कळणार. म्हणून चार पानं पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. जमलं की! दोन-तीन दिवस विसरलो, तर एकदम बोटभर जाडीची उडी. शेवट आला की पुन्हा पहिलं पान.

आता ऐका. एकदा दुपारी दुकानातून लवकर घरी आलो. मार्था चष्मा पुसत, ओठ हलवत तेच बायबल वाचत बसलेली. फीत जिथवर गेली तिथवर आपणही जायचं, हा तिचा नियम. मला कधी बोलली नव्हती. आणि नेमकी त्याच सकाळी मी बोटभर उडी मारलेली. तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? मी पाणी प्यायलो आणि दुकानात परत गेलो.

हेही खरं ते नव्हे. त्याच्याभोवतीच फिरतोय मी.

एका रविवारी पाळकांनी मला बोलायला उभं केलं. विषय — विश्वासात जागं राहणं. मी फितीचंच उदाहरण दिलं! ती सरकली नाही तर मला जेवण जात नाही, म्हणालो. माना डोलल्या. घरी येताना मार्था म्हणाली, "माह्याच्यानं नाही होत हो तुमच्याइतकं. माहा विश्वासच कमी आहे." डोळे भरले होते तिचे.

आणि मी काय केलं? मी तिला धीर दिला. "होईल हळूहळू," म्हणालो — वर मोठेपणानं.

हे ते. फीत नव्हे, हे. चार वर्षं ती स्वतःला कमी समजत राहिली, आणि मी समजू दिलं.

परवा दुपारी ती तुरीची डाळ निवडत होती. समोर बसलो आणि सांगून टाकलं. चट्टे, पेपर, उड्या, तो धीर — सगळं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे पुढच्या गणनेच्या पुस्तकातल्या त्या साऱ्या नावांतून मी एकटीच गेली काय हो?"

"हाव."

"अन् कापसाचे भाव वाचून तुमी मले धीर देत होते!"

मग ती हसली, मग रडली, मग मात्र चांगलीच रागावली. राग अजून आहे. माझा चहा कालपासून बिनसाखरेचा येतोय. पण ती उठली, बायबल आणलं, मी नेमका कुठे थांबलो होतो ते विचारलं आणि फीत मागे ओढून त्या चट्ट्यांच्या पानात ठेवली.

"इथून. मोठ्यानं."

वाचतोय. छातीवरचा दगड उतरलाय, हे कबूल. तिची चार वर्षं मात्र गेली ती गेली. चट्ट्यांचे नियम होते तितकेच अवघड आहेत. मी अडलो की डाळ निवडता निवडता ती समजावून सांगते — ती या वाटेनं दोनदा जाऊन आली आहे.

आज फीत अर्धं पान सरकली.