आधी घर, मग आडनाव

उतू गेलेल्या दुधाचा वास प्रथम गोड असतो, मग खरपूस होतो, आणि शेगडीवर सांडलेली साय काळी पडू लागली की तो पडद्यांत जाऊन बसतो. हा वास माझ्या फार ओळखीचा, कारण दुधाजवळ पुस्तक घेऊन उभी राहणारी बाई मी. एक डोळा पातेल्यावर आणि एक पानावर, अशी रोजची प्रतिज्ञा. आणि दोन्ही डोळे पानावरच! मग बाहेरच्या खोलीतून विश्वासची हाक यायची, "सुमन, दूध!" ती नेमकी अर्धा क्षण उशिरा यायची. साताऱ्याला बहिणीकडे राहायला आले त्याला वर्ष झालं. या वर्षात माझ्या हातून एकदाही दूध उतू गेलेलं नाही. हाक मारणारा गेला की माणूस किती सावध होतं! पण या सावधपणाचं करायचं काय?

परवाच्या शनिवारी मात्र तो वास मला चक्क फोनमधून आला. हसू नका. सगळं सांगते.

आमची दोन घरं. एक अंबरनाथ पूर्वेचं, ज्यात आम्ही तीस वर्षं राहिलो; दुसरं बदलापूरचं, विश्वासने निवृत्तीनंतर हौसेने घेतलेलं, ज्याच्या गॅलरीतून चंदेरी किल्ल्याचा सुळका दिसतो. तिथे दोन-दोन दिवसांचे पाहुणे ठेवायचे, असा त्याचा बेत. पलंग आणि पडदे आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साईं, परदा ऐसा लो की मेहमान वापस आये." विश्वासला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने भाव करायचंच सोडून दिलं. दोन्ही घरांच्या दारांना आकड्यांची कुलपं बसली, बदलापूरच्या जिन्यावर कॅमेरा बसला, आणि पहिला पाहुणा यायच्या आधीच विश्वास गेला.

मुलगा म्हणाला, "आई, दोन्ही विकून टाक. साताऱ्यात बसून कोणी भाडेकरू सांभाळतं का?" मी त्याच्याकडून एक शनिवार मागून घेतला. त्या दिवशी बदलापूरला पहिले पाहुणे उतरणार होते, आणि अंबरनाथच्या आमच्या राहत्या, आता रिकाम्या केलेल्या घरात अकरा महिन्यांसाठी एक कुटुंब. घडी बसली तर घरं ठेवायची, विस्कटली तर विकायची. खरं सांगू? त्या अकरा महिन्यांचीच मला धास्ती होती. विश्वास गेल्यापासून मी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. सामानही बहिणीने जाऊन हलवलं. आता तिथे दुसऱ्याचा संसार मांडला गेला, की माझ्या मनाचं दार नुसतं लोटलेलं होतं ते कायमचं बंद होणार.

आता विश्वासचा फॉर्म. येणाऱ्याने फोनवर भरायचा: नाव, माणसं किती, कधी येणार. आडनावाचा रकाना नाही. लग्नानंतर आम्ही अंबरनाथ पश्चिमेला एक खोली पाहायला गेलो होतो. मालकीणबाईंनी पोह्यांबरोबर चहा दिला, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, मग सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?" विश्वासने सांगितलं. बाई कपबशा उचलत म्हणाल्या, "अगंबाई, खोली तर कालच गेली!" पुढे त्याने त्या वाक्याचा जन्मभर विनोद केला. डब्यातला लाडू संपला की, "कालच गेला!" आणि स्वतःचं घर झालं तेव्हा गंभीर होऊन म्हणाला, "आपल्याकडे आधी घर, मग आडनाव." करारनाम्यावर ते यायचंच, पण दार उघडण्याआधी विचारायचं नाही.

नियम केवढा सुंदर! आणि त्याच नियमाने मला खड्ड्यात घातलं. कारण त्या शनिवारी येणाऱ्या दोघांचंही नाव अमोल होतं. एक अमोल उल्हासनगरहून आईला घेऊन अकरा महिन्यांसाठी येणारा, दुसरा अमोल बायको आणि लेकीबरोबर दोन दिवसांसाठी. माझ्या फोनात नुसते दोन अमोल. मी चष्मा लावून, दोनदा वाचून, पत्ता आणि कुलपाचे आकडे पाठवले. याचे त्याला आणि त्याचे याला!

अकराच्या सुमारास बदलापूरच्या जिन्यावर हालचाल झाली, आणि माझं काळीज सोळा वर्षांच्या मुलीसारखं उडू लागलं. पहिले पाहुणे! फोनच्या पडद्यावर आधी एक गादी आली. मग कढीपत्त्याची कुंडी. मग चार माणसांच्या खांद्यावरून लोखंडी कपाट. दोन दिवसांसाठी कपाट? मी मनाशी म्हटलं, असतात काही माणसं टापटिपीची. तेवढ्यात दुसऱ्या अमोलचा फोन आला. "मॅडम, फ्लॅट मस्त आहे, हवा पण भारी. बस, बेड कुठे आहे ते सांगा ना. आणि मुलगी विचारतेय, गॅसच्या जागी नुसता ओटा का आहे?"

तेव्हा उजेड पडला. बदलापूर गावातल्या मंदाला फोन केला. दोन्ही घरांची झाडलोट तीच बघते. चुलतबहिणीच्या हळदीतून उठून ती तशीच धावली, आणि पोचल्यावर धापा टाकत म्हणाली, "ताई, आख्खा संसार आयलाय इथं! दोन दिसांचा पाव्हणा असा असतोय काय?" मी म्हटलं, त्यांना समजाव, सामान पुन्हा टेम्पोत चढवा, मजुरी माझी. पलीकडे कुजबुज झाली आणि फोनवर एक नवा, वयस्क, ठाम आवाज आला. अमोलची आई. "ताई, आम्ही चुकून आलो असू. पण मी दूध काय चुकून उतू घालवलं नाही. तुमच्या फ्रिजात पिशवी होती, शेगडी होती. नव्या घरात आधी दूध उतू जाऊ दिलं. आता हे घर आम्हाला लागलं. इथून कशी निघू?" मागून अमोल म्हणाला, "आई, अगं..." "गप रे. तुझी अंबरनाथची कंपनी एकच स्टेशन तर मागे राहिली."

त्या क्षणी मला तो वास आला. शपथेवर सांगते, आला!

आणि काय आश्चर्य, इतक्या गोंधळात मला हसू फुटलं. म्हटलं, राहा मग तिथेच. टेम्पो खाली रिकामा उभा होता. पाहुण्यांचे पलंग, गाद्या, पडदे, फ्रिज, शेगडी सगळं त्यातच चढलं, मंदा ड्रायव्हरशेजारी बसली आणि वरात अंबरनाथला निघाली. तोवर दुसरा अमोल लेकीला शिवमंदिर दाखवून आला. तिन्हीसांजेला त्याने फोटो पाठवला: आमच्याच खिडकीला उल्हासनगरचे पडदे, खाली पलंगावर उड्या मारणारी मुलगी, आणि शब्द, "आता घर वाटतंय."

रात्री मुलाने विचारलं, "झाला ना गोंधळ?" मी म्हटलं, "झाला. दोन्ही घरं लागली." तो म्हणाला, "फॉर्ममध्ये आडनाव टाक बरं आता." मी रकाना वाढवला खरा, पण त्यात विचारलं, "सोबत सामान किती?" एवढ्यावर सगळे अमोल वेगळे ओळखू येतात! तो बराच वेळ हसला, आणि विकायचं बोलला नाही.

चूक ही किती कनवाळू गोष्ट असते कधी कधी! अकरा महिने बंद होणारं माझं घर आता दोन-दोन दिवसांनी उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. अनोळखी माणसं तिथे निजतात, पडदे सारून उजेड आत घेतात. मी इथून फोनवर ठरलेल्या आणि रिकाम्या दिवसांची पाटी न्याहाळत बसते. पुढच्या आठवड्यात बुधवार-गुरुवार रिकामे दिसले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मी विश्वासचा फॉर्म उघडला. नाव: सुमन. माणसं: एक. सामान: एक पिशवी, एक पुस्तक. त्याच्यापुढे काही विचारलेलंच नव्हतं.

भरलेला फॉर्म मंदाच्या फोनवरही जातो. तासाभराने तिचा फोन. "ताई, बुधवारी कोन सुमन म्हणून येतंय. फ्रिजात काय ठेवू?"

म्हटलं, "अर्धा लिटर दूध ठेव. आणि पातेलं लहानसंच ठेव."