यादीत वर फक्त जळीत ऊस

सुनंदा साळवे मॅडमना मी प्रथम पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात. मी बेलापूरहून नुकताच रुजू झालेला, अंगात भलतीच मस्ती. मॅडमनी माझा जावातला प्रोग्रॅम वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हंगामात हा रडेल." मला राग आला. आणि हंगामात तो रडलाच!

आमच्याकडे ऊसतोडीच्या क्रमाची यादी असायची. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. अपवाद एकच, जळीत ऊस. तो वाळत जातो, म्हणून त्याचं नाव सर्वांत वर. मी सगळ्या तालुक्यांच्या नोंदी एकसलग ठेवल्या होत्या. वर एक नाव घातलं की खालचं प्रत्येक नाव एकेक घर सरकायचं आणि मशीन मान टाकायचं. एकदा काष्टीचे शेतकरी शेखचाचा जळिताची खबर घेऊन आले, तर पडदा गप्प. "बाई, माझा ऊस वाळून चाल्लाय की वो!"

आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, मोठं मशीन मागवू. मॅडमनी आधी चाचांना तोडीची चिठ्ठी हातानं लिहून दिली, मग माझ्याकडे वळल्या. त्या पाथर्डीच्या, आईवडील ऊसतोडीला जायचे. म्हणाल्या, "अहो, एवढी माणसं एका मुकादमाखाली कोण देतं? टोळ्या पाडा." त्यांनी यादीचे छोटे गट केले. प्रत्येक गटात थोडी जागा मोकळी, गट भरला की त्याचे दोन. वर नोंद एवढीच, की कुठल्या गटात किती नावं. आता नवं नाव आलं तरी हलायचा तो एकच गट, आणि मधलं कितवंही नाव झटक्यात सापडायचं. यादी वाढतच गेली, मशीन तेच राहिलं. बैठकीत मॅडमनी या कामात माझंही नाव घेतलं. केवढा हा मोठेपणा!

खरी कसोटी पुढे होती. एक संचालक आले. "आता चुटकीसरशी होतंय ना? मग आमचं तेवढं वर घ्या की." मॅडमची नोकरी अजून कायम नव्हती.

"वर फक्त जळीत जातो, साहेब. तुमचा जळलाय का?"

"बघून घेईन!"

"जरूर. नंबर लागला की टोळी येईलच."

मॅडमना कायम करायची फाइल त्या हंगामात अडून बसली. संचालकांचं नाव मात्र जागचं हललं नाही. अशा बाईंच्या हाताखाली मी शिकलो, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

मॅडम, आज तुम्ही साठ वर्षांच्या झालात. निरोगी, दीर्घ आयुष्य कुठे वाटलं जात असेल, तर तिथल्या यादीत मी तुमचं नाव सर्वांत वर घालणार आहे. तुम्ही रागवाल, ठाऊक आहे. रागवा. एवढी एक रांग मी मोडणारच.