चार नंबरच्या बसचे काका

धम्मरत्न वाघमारे एकोणीस वर्षं एकच बस चालवत होते. देहूरोडहून सुटायची, रावेत, निगडी, मोशी करत चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट पोचवायची आणि दुपारी साडेतीनला तीच माणसं परत आणायची. सकाळी माणसं अर्धवट झोपेत चढत, दुपारी दमून झोपत. त्यामुळं पंचेचाळीस-पन्नास जणांच्या गाडीत धम्मरत्नांशी बोलायला कोणी जागं नसायचं.

पाच वर्षांपूर्वी दिपाली नावाची नवी मुलगी रावेतला उतरायची ती झोपेत थेट देहूरोडला आली. रिकाम्या बसमध्ये डोळे उघडले तशी घाबरून रडायलाच लागली. धम्मरत्नांनी गाडी वळवली, तिला घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं. त्या दिवसापासून त्यांनी नेम केला, ज्याचा त्याचा स्टॉप आला की उठवायचं. "मोशी! निळा शर्ट, उठा की राव!" हाकेनं नाही उठला तर हँडब्रेक ओढून मागं जायचे आणि खांदा हलवायचे.

यंदा कंपनीच्या वर्धापनदिनाला एचआरच्या स्वप्नालीनं टूम काढली. ज्याच्याकडं कोणाचं लक्ष जात नाही, पण ज्याच्यावाचून अडतं, अशा एकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. लोकांनी गंमत म्हणून काय वाटेल ते लिहिलं. एकानं स्टोअरमधल्या बोक्याचं नाव सुचवलं, कारण तो आल्यापासून उंदरांनी फोम कुरतडला नव्हता. कोणी कँटीनच्या विमलबाईंना मत दिलं, मागितल्याशिवाय खिचडीची खरपुडी वाढतात म्हणून. एक चिठ्ठी तर लिहिणाऱ्यानं स्वतःलाच दिली होती. पण त्रेचाळीस चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता, चार नंबरच्या बसचे काका.

स्वप्नाली कागद घेऊन बसपाशी आली.

"काका, तुमचं नाव काय हो? प्रमाणपत्रावर नुसतं काका कसं छापणार?"

त्यांनी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा विचारून लिहून घेतलं.

"आणि घरचे कोण येतील? पुढं दोन खुर्च्या ठेवल्यात."

"मुलगी बेंगळुरूला नर्स आहे. तिला सुट्टी नाही मिळायची."

"मग काकूंना आणा."

"ती वारली. सहा वर्षं झाली."

स्वप्नालीनं हातातला कागद खाली केला. "असू द्या," ती म्हणाली, "खुर्च्या राहू द्या तिथंच. कार्यक्रम साडेतीनला आहे, साहेबांना तीच वेळ सोयीची."

"मॅडम, साडेतीनला तर माझी गाडी सुटते."

"त्या दिवशी बदली ड्रायव्हर अजिंक्य नेईल. तुम्ही निवांत बसायचं."

चिठ्ठ्या लिहिणारी सगळी माणसं त्याच गाडीत असतील, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ती आधीच लगबगीनं निघाली होती.

त्या दिवशी धम्मरत्न इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून व्यासपीठावर बसले. हॉलमध्ये ऑफिसातली माणसं होती, स्वतःच्या मोटारींनी येणारी. त्यांतला एकही चेहरा त्यांनी कधी बसमध्ये पाहिला नव्हता. समोर दोन खुर्च्या मोकळ्या. खिडकीबाहेर चार नंबरचा हॉर्न वाजला. गाडीनं गचका खाल्ला, अजिंक्यनं क्लच घाईत सोडला होता. मग आवाज गेटच्या पलीकडं गेला.

साहेबांचं भाषण लांबलं. ते निष्ठेबद्दल बोलत असताना धम्मरत्नांच्या खिशातला फोन मोठ्यानं वाजला. बंद करायला काढला, तर अजिंक्यचं नाव. त्यांनी मान वळवून हळूच घेतला, पण माईक शेजारीच होता.

"काका, मोशी आली. सगळे मेल्यासारखे झोपलेत. उठवू कोणाला?"

"डावीकडची तिसरी सीट, नवनाथ. त्याचा चष्मा मांडीवर असतो, उठताना पडतो, तेवढा बघ. आणि शेवटच्या सीटवरचे दोघं. दिपालीताईला रावेतच्या आधीच हाक मार. तिला जागं व्हायला वेळ लागतो."

सगळं हॉलभर ऐकू गेलं. आधी हशा पिकला, मग हळूहळू शांतता झाली. साहेब हातात कागद धरून थांबले होते.

"माफ करा साहेब," फोन खिशात टाकत धम्मरत्न म्हणाले. "बोला तुम्ही."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "आता मी काय बोलू?" ते म्हणाले आणि धम्मरत्नांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. टाळ्या खूप वेळ वाजल्या. दाराशी उभी असलेली स्वप्नालीही वाजवत होती. धम्मरत्न हात जोडून उभे होते आणि मनात मात्र शेवटच्या सीटवरचे दोघं उतरले असतील का, हाच घोर होता.

घरी ते पीएमपीच्या बसनं आले. देहूरोडला त्यांची एकच खोली. ड्यूटीवरच्या चहाच्या सुट्टीत मुलीचा, रश्मीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, शाल घालून दाखवा ना."

त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला, शाल घेतली आणि मागं सरकून उभे राहिले.

"अगदी नवरदेव दिसताय! आणि भाषण केलं का तुम्ही? काय..." तिला कोणीतरी हाक मारली आणि पडदा काळा झाला.

त्यांनी डब्याला टेकवलेला फोन उचलून खिशात टाकला. मग शाल घडी करून ठेवली आणि नारळ घेऊन शेजारच्या गोजाबाईंच्या दाराशी गेले.

"हा घ्या. मला एकट्याला एवढा संपायचा नाही."

"कशाचा वो नारळ?"

"कंपनीनं दिला. सत्कार होता."

"कुणाचा?"

"माझाच."

आत कुकरची शिट्टी झाली आणि गोजाबाई नारळासकट आत पळाल्या. धम्मरत्न परत फिरले.

"अवो भाऊ, चालला कुठं?" गोजाबाई आतून ओरडल्या. "ग्यास बंद करून आले. बसा तितं. आमाला सांगणार न्हाई व्हय?"

ते उंबऱ्यावर बसले. गोजाबाई पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या, तसं त्यांनी झोपेत देहूरोडला आलेल्या दिपालीपासून सांगायला सुरुवात केली.